गोलातला रिलीव्हर

अलोरे,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. दर्शनाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू एसटीतून पाठवलेले सुके बांगडे पोचले. आईने त्यातले चार दादासाठी वेगळे काढून ठेवले आणि मला दोन दिले. म्हणजे घरात सगळं नेहमीसारखं आहे असं समज.

पत्रास कारण दादाच. फोन केला असता, पण बाबांचा दंडक तुला माहीत आहे. रागाचं आणि काळजीचं जे असेल ते लिहून कळवायचं, आणि एकाचं पत्र दुसऱ्याला दाखवायचं नाही. शिवाय घरात फोनवर कुजबुजलं तरी दादाला ऐकू जातं. त्याचे गुडघे गेले, कान शाबूत आहेत. म्हणून ग्रामपंचायतीत जन्माच्या दाखल्यांच्या ढिगाआड बसून हे लिहितोय.

ताई, दादाला आता गोलातून काढावं लागणार. चोवीस वर्षं आपल्या जागृती मंडळाचा तो गोली. मंडळ काढलं त्याने, मैदानावरचा कातळ फोडून माती टाकली त्याने, मला सातवीत पहिले बूट घेऊन दिले तेही त्याने. पण गेल्या तीन मॅचमध्ये आपण अकरा गोल खाल्ले. परवाचा शेवटचा तर त्याच्या पायांमधून असा गेला, जसं उंबऱ्यावरून मांजर जावं. दादा वाकेपर्यंत चेंडू जाळीत जाऊन निवांत बसला होता. समोरची पोरं हसली. मला त्यांचा राग आला, मग दादाचा आला, मग माझाच आला.

जानेवारीत खेडची स्पर्धा आहे. आपला कॅप्टन यासीन दर रविवारी खेडहून मोटरसायकल हाणत प्रॅक्टिसला येतो, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा गोली नसेल तर नाव देण्यात अर्थ नाही. आणि दुसरा गोली आहे गं! खेडचा फुजैल, कुवेतहून तीन वर्षांनी परत आलाय, तिकडे कंपनीच्या टीममध्ये गोलातच उभा राहायचा. पण तो कानाला हात लावतो. राजूभाई उभे असताना मी तिकडे बघणारसुद्धा नाही, म्हणतो. लहानपणी इथे मामाकडे असायचा तेव्हा दादाच्या गोलामागे उभा राहून चेंडू आणून द्यायचा ना.

मी पडलो सेक्रेटरी, सांगायचं मलाच आहे. मी एक युक्ती काढली आहे. पंधरा डिसेंबरला दादाचा जंगी सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, चार भाषणं. समजणाऱ्याला समजेल. पण त्याआधी तू त्याला थोडं हलवून बघ. तुझं तो ऐकतो. नाहीतर घरात एका ताटात जेवणारे आम्ही दोघे उद्या एकमेकांची तोंडं बघणार नाही, याची मला खरीच भीती वाटते.

लोभ असू दे आणि उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
निलेश

*

रत्नागिरी,
दि. १६ नोव्हेंबर २०२४

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसला. सेक्रेटरी तू, कॅप्टन यासीन, खेळणार तुम्ही, आणि दादाला बाण मारायला म्हातारी बहीण. वा रे मर्दानो! अकरा जणांत एकाच्याही तोंडात जीभ नाही का?

राजूला मी पत्र घालते. पण तू सांगितलंस यातलं अक्षर त्यात नसेल. मी फक्त विचारणार आहे की बाबा रे, तू कसा आहेस, गुडघा काय म्हणतो, आणि खेळायचं किती दिवस मनात आहे. तुमच्यापैकी कोणी हे त्याला साधेपणाने विचारलंय का? तुझ्या चार पानांत दादा किती गोल खातो ते आहे, दादा काय म्हणतो ते कुठेच नाही.

शाळेत सहामाही पेपर तपासायचा डोंगर आहे. तोवर सत्काराची शाल खरेदी करू नकोस. आईला सांग, तुझ्यासाठी आणखी बांगडे पाठवते, नाव लिहून.

लोभ आहेच, अक्कल वाढवावी.

तुझी,
दर्शनाताई

*

अलोरे,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं. पोफळीच्या वीजघरात रात्रपाळी चालू होती म्हणून उत्तराला उशीर. सगुणा आणि आई ठीक. आई तुझ्या सुनेची चौकशी करते. बांगडे उत्तम होते.

तू विचारलंस की किती दिवस खेळायचं मनात आहे. ताई, मला हे कोणीतरी विचारेल म्हणून मी तीन वर्षं वाट बघतोय! एक दिवसही खेळायचं मनात नाही. खाली पडलो की उठायला कोणाचा तरी हात लागतो. संध्याकाळी पाचनंतर मला चेंडू दोन दिसतात आणि मी हटकून नसलेला अडवतो. मध्यंतरी पायांतून गोल गेला. पोरं हसली त्याचं काही नाही. निलेश राइट बॅकला खेळतो, त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते मला लागलं.

तू म्हणशील मग सोडत का नाहीस. कोणाच्या हाती सोडू? तीन वर्षांमागे मी यासीनला सरळ सांगितलं होतं की माझ्या जागी माणूस बघा. त्या शहाण्यांना वाटलं मी रुसलो. त्यांनी काय केलं, तर माझा सत्कार केला! शाल दिली, नारळ दिला, यासीनने तर राजूभाई आमची भिंत आहे असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मला परत गोलात उभं केलं. आता पुन्हा सत्काराची कुजबूज कानावर येतेय. म्हणजे आणखी तीन वर्षं डांबून ठेवायचा यांचा विचार दिसतो. शाल बघितली की अंगावर काटा येतो माझ्या.

आपले बाबा आठव. रस्त्यावर दरड आली तेव्हा पुढच्या पाळीचा माणूस पोचेना, तर तीन पाळ्या सलग पॅनेलसमोर उभे राहिले. चौथ्या पाळीला रिलीव्हर आला, त्याने लॉगबुकवर सही केली, तेव्हा कुठे खुर्चीला हात लावला. घरी आले आणि चहासुद्धा न घेता झोपले. मी त्याच पॅनेलसमोर बावीस वर्षं नोकरी करतोय. चार्ज घ्यायला माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे माझ्या हाडात गेलंय. गोल काय आणि पॅनेल काय. माझी चार्जची वही तयार आहे, किटच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. पण वही घ्यायला कोणी येतच नाही. त्या फुजैलवर डोळा आहे माझा. चांगले हात आहेत त्याचे. पण तो मला बघून असा पळतो जसं मी त्याच्याकडे उसने मागतोय.

निलेशला यातलं काही बोलू नकोस. त्या पोराचा जीव मंडळात आहे. दादा स्वतःहून सोडून चालला असं वाटलं तर तो मोडून पडेल. मी काढीन कसेतरी दिवस.

तुझा लोभ होता, आहे, तसाच राहू दे.

राजेंद्र

*

रत्नागिरी,
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद.

राजूचं पत्र आलं. त्यात काय आहे ते विचारू नकोस, बाबांचा नियम आहे. ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की शेजारच्या राहीने येऊन विचारलं, काकू, बरं आहे ना?

आता मी सांगते ते निमूट कर. सत्कार मुळीच करायचा नाही. शाल घेतली असशील तर आईला दे, थंडी पडतेय. भाषण नाही, मानपत्र नाही, हार नाही. कोणी डोळ्यांत पाणी आणायचं नाही, यासीनला खास बजाव.

फुजैलला गाठ. त्याला सांग की रविवारी प्रॅक्टिसच्या वेळी खिशाला पेन लावून सरळ गोलाकडे चालत जा, राजूभाईसमोर उभा राहा, आणि स्वच्छ आवाजात सांग की मी चार्ज घ्यायला आलोय. एवढंच. माफी मागायची नाही, पाया पडायचं नाही, स्तुती करायची नाही. पोफळीला पाळी बदलताना माणसं जशी येतात तसं यायचं.

तू म्हणशील ताईचं डोकं फिरलं. फिरू दे. तू फक्त ऐक. आणि एक गोष्ट माझ्याकडून, त्याच्या पत्रातली नव्हे: तुम्ही दोघे भाऊ एकमेकांना इतके जपता की मधे माणूस चिरडून मरेल.

उद्या दादरला निघतेय, सात तारखेला परत येईन. लोभ ठेव आणि या खेपेला तरी आगाऊपणा करू नकोस.

तुझी,
दर्शनाताई

*

अलोरे,
दि. २४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम, आणि साष्टांग दंडवत वेगळा.

तू काय जादूटोणा केलास? फुजैल तयार होईना, म्हणून दोन रविवार असेच गेले. शेवटी यासीनने त्याला दम भरला की येतोस की तुझ्या मामाच्या दुकानात येऊन बोंबलू. परवाच्या रविवारी, बावीस तारखेला, आला बिचारा. खिशाला पेन, तोंड पांढरं फटक. मैदानावर सगळे थांबले. मी तर दुसरीकडे तोंड करून बुटाची नाडी सोडून परत बांधत होतो.

तो दादासमोर उभा राहिला आणि चार्ज घ्यायला आलोय म्हणाला. दादाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं, आणि असा कडाडला की रस्त्यावरची माणसं थांबली. म्हणाला की तीन वर्षं उशीर झालाय, ही काय कामावर यायची वेळ आहे! आणि ताई, तेच बोलता बोलता त्याचं तोंड असं फुललं की मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग पिशवीतून एक वही काढली. फुजैलला खांबापासून खांबापर्यंत फिरवलं आणि एकेक कलम वाचून दाखवलं. उजवा खांब हलतो, त्याला टेकू नये. पेनल्टीच्या जागेजवळ कातळाचा उंचवटा आहे, तिथे टप्पा पडला तर चेंडू डोक्यावरून जातो. घाटाकडच्या गोलात साडेचारनंतर ऊन डोळ्यांत येते, टोपी ठेवावी. आणि सातवं कलम सगळ्या टीमसमोर मोठ्याने: राइट बॅक निलेश घाबरला की मागे न बघता पास देतो, कायम तयार असावे. सगळे खो खो हसले. मी काय करणार, खरं आहे ते!

फुजैलने सही केली, दादाने केली, खाली वेळ घातली, चार वाजून चाळीस मिनिटं. दादाने ग्लोव्ह्ज काढून त्याच्या हातात दिले आणि मैदानाबाहेर जाऊन कठड्यावर बसला. यासीनला तू बजावलं होतंस तरी रडलाच तो. मीही. दादा तेवढा रडला नाही. घरी आला, सगुणावहिनीने चहा ठेवला होता, तो न घेताच आडवा झाला आणि सकाळी सहापर्यंत घोरत होता. आई दाराशी उभी राहून कितीतरी वेळ बघत होती. म्हणाली, हा अगदी त्या दरडीच्या दिवसासारखा झोपलाय.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही त्याला काढायला घाबरत होतो आणि तो सुटायची वाट बघत होता. छातीवरचा धोंडा उतरला बघ. तू म्हणालीस ते खरं, मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

लोभ आहेच, तो या घरावर असाच पसरून राहू दे.

तुझा,
निलेश (राइट बॅक, कलम सात)

*

अलोरे,
दि. २१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

तुझ्या खोडसाळपणाला काय म्हणावं? निलेशला काही बोलू नकोस म्हटलं होतं. तू बोलली नाहीस हे तो शपथेवर सांगतो. मग फुजैलला पेन आठवलं कसं, ते मी विचारत नाही.

एकोणीसला खेडला सेमीफायनल झाली. दोन एकने जिंकलो. मी आईला घेऊन गेलो होतो, खुर्चीवर बसून शेंगा खात मॅच बघितली. फुजैलने एक फालतू गोल खाल्ला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. नंतर त्याने शेवटच्या मिनिटाला एक असा अडवला की मी खुर्चीवर उभा राहिलो आणि आईच्या मांडीवरच्या सगळ्या शेंगा सांडल्या. गुडघाही दुखला नाही. आता यासीन कोच व्हा म्हणून मागे लागलाय. म्हटलं, आधी एक वर्ष नुसतं बघू दे.

कारण एक गंमत झाली, ती तुला सांगायची होती. गोलातून माणसाला काय दिसतं? आपल्या पोरांच्या पाठी. चोवीस वर्षं मी यांच्या पाठी बघितल्या. पाठीवरून कोण दमलाय, कोण चिडलाय सगळं सांगेन. पण खेळताना यांची तोंडं कशी होतात हे मला ठाऊकच नव्हतं. रविवारी पहिल्यांदा बाजूला बसून बघितली.

समोरची पोरं चेंडू घेऊन अंगावर आली की आपला निलेश खालचा ओठ दातांत धरतो आणि डावी भुवई वर चढवतो. ताई, पॅनेलवर भोंगा वाजला की बाबा असेच उभे राहायचे. अगदी तसेच. मी आईकडे बघितलं, तर ती आधीपासून तिकडेच बघत होती.

सव्वीसला फायनल आहे, सुट्टीच आहे तुला. लोभ आहेच, पण या वेळी तो पत्रातून नको, स्वतः घेऊन ये. तुझी खुर्ची धरून ठेवतो, निलेशचं तोंड दिसेल त्या बाजूची.

तुझा,
राजेंद्र