दशांश चिन्ह कोणी विसरलं

शिनचू, सोमवार, १० एप्रिल २०२३

प्रिय आ-ख्वेइ,

मंगळवार, १४ मार्च २०२३, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. कंपनीच्या सातव्या मजल्यावर चौकशी समितीसमोर तू उभा राहिलास आणि म्हणालास, "आमचा औषध देणारा पंप चुकू शकत नाही. त्यातलं लॉक ज्वो सु-युन यांनी बसवलंय, आणि एकतीस वर्षांत त्यांचं काम एकदाही फसलेलं नाही." इतिवृत्तात शब्दन्‌शब्द आहे. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, नाहीतर ते नुसतं रडगाणं होतं, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा पट्टी हातात धरून शिकवायच्या. तुला शाळेत असं कोणी भेटलं नाही, ते दिसतंच आहे.

एवढ्या स्तुतीबद्दल मी तुझे आभार मानले असते. पण ते लॉक पंपात नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. समितीने माझ्या नावावर विसंबून पंप निर्दोष ठरवला, पंप लावलेल्या तंग आजोबांच्या मृत्यूचा दोष मिआओलीच्या हॉस्पिटलातल्या एका सव्वीस वर्षांच्या नर्सवर टाकला आणि फाइल बंद केली. तसेच दोन हजार पंप आज, हे पत्र लिहीत असताना, वॉर्डांमध्ये माणसांच्या शिरांत औषध सोडताहेत.

तू माझ्या हाताखाली आलास तेव्हा बावीस वर्षांचा होतास आणि सोल्डरिंग आयर्न उलट्या बाजूने धरायचास. बोटं भाजून घ्यायचास आणि मी मलम लावायचे. तेव्हाचा आपला पंप साधा होता. एका चिपमध्ये एकच कोअर, म्हणजे एकच डोकं. तोच मोटर फिरवायचा, तोच पडद्यावर आकडे दाखवायचा, तोच अलार्म वाजवायचा. एका वेळी एकच काम करत असल्यामुळे स्वतःशी त्याचं भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता. मग ती चिप बनायची बंद झाली, वरच्यांना रंगीत टचस्क्रीन हवी झाली, नर्सच्या टेबलापर्यंत वायफाय हवं झालं, आणि दोन कोअरची चिप आली. एक कोअर मोटरचा, दुसरा पडद्याचा. विक्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन डोकी म्हणजे दुप्पट काम, असं त्यांना वाटलं. दोन डोकी एकाच वहीत लिहू-वाचू लागली की काय होतं, ते त्यांना कोण सांगणार.

तुला मी कागदावर काढून दाखवलं होतं, आठवतं? औषधाचा वेग मेमरीत दोन खणांत राहतो. एकात आकडे, दुसऱ्यात दशांश चिन्ह किती घरं आत आहे ते. नर्स ताशी चाळीस मिलीवरून अडीचवर आली, की पडद्याचा कोअर पहिल्या खणात पंचवीस लिहितो आणि मग दुसऱ्या खणात एक. त्या दोन लिहिण्यांच्या मधल्या क्षणात मोटरच्या कोअरने वही उघडली, तर त्याला पंचवीस नवे दिसतात आणि दशांशाचं घर जुनंच, म्हणजे शून्य. वेग बदलला की तो एकदाच वाचतो, म्हणून पुढे पडद्यावर अडीच, मोटर पंचवीसवरच. म्हणून मी लॉक घातलं. एक जण लिहीत असेल तर दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. तू म्हणालास, "ताई, एवढा मुहूर्त साधून कोण येतंय त्या फटीत?" मी म्हणाले, "यमाला घड्याळ वाचता येतं."

लॉकमध्ये त्रास होता, हे मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. पडद्याचा कोअर वही अडवून वायफायशी गप्पा मारत बसायचा, मोटर अडखळायची, खोटा अलार्म वाजायचा. त्यावर उपाय होता. नवा वेग बाजूला पूर्ण लिहायचा आणि मग एकाच झटक्यात बदलायचा. सहा आठवड्यांचं काम. मी जूनअखेर निवृत्त झाले, ते काम तुझ्या हातात लिहून दिलं. नोव्हेंबरात माल पोचवायचा होता. तुझ्याकडे सहा आठवडे नव्हते. उपमहाव्यवस्थापकाची खुर्ची मात्र दिसत होती.

त्या वर्षी मध्य-शरदाच्या सणाला तू पपनसं घेऊन आलास. माझ्या स्वयंपाकघरात बसून सोलता सोलता सांगितलंस, "ताई, रागावू नका हं. तुमचं लॉक काढलं. मोटर आता लोण्यासारखी चालते." मी विचारलं, किती वेळा तपासलंस. "अकरा हजार वेळा. फक्त एकदा आकडा चुकला." आणि ती एकदाची चूक का झाली, तेही सांगितलंस. टेस्टच्या टेबलावर यंत्राने शहाणं वागावं म्हणून आपण मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतो, त्याची तारीख उलटून गेली होती. पोरांनी नवं पाकीट आणून ठेवलं, टेस्ट पुन्हा लावली, एकही चूक नाही. मग आधीची नोंद खोडून टाकली. "यंत्रसुद्धा शिळं खात नाही, ताई."

आणि मी हसले, आ-ख्वेइ. हे तुझ्याआधी मीच लिहून ठेवते. पपनसाची फोड तोंडात होती, तू इतक्या दिवसांनी आला होतास, घरात माझ्याशिवाय माणूस नव्हतं, आणि मला तुला नाराज करायचं नव्हतं. अशी चूक बघायला तपासणीची तार जोडली की दोन्ही कोअरची चाल किंचित बदलते आणि चूक लपून बसते. सिस्टर वर्गात असेपर्यंत आम्ही पोरीही अशाच गुणी असायचो. अकरा हजारांतली एक चूक म्हणजे नशीब नव्हे, पुरावा असतो, हे मला त्या क्षणी कळत होतं. तरी मी तुला पपनसाचा डबा भरून दिला, आईसाठी. एवढा माझा वाटा आहे. तो मी तुझ्यावर ढकलणार नाही. तुझा मात्र तुलाच उचलावा लागेल.

या जानेवारीत मिआओलीच्या वॉर्डात तंग आजोबांना चाळीसच्या वेगाने सलाइन चालू होतं. नर्सने पिशवी बदलली, वेदनेचं औषध लावलं, वेग अडीच केला. पन्नास मिलीची पिशवी वीस तास पुरायला हवी होती, ती दोन तासांत संपली आणि आजोबा गेले. पंपाच्या नोंदीत पंचवीस लिहिलेलं निघालं, कारण ती नोंद मोटरचा कोअर करतो, आणि त्याने जे वाचलं तेच लिहिलं. समितीने निष्कर्ष काढला, नर्स दशांश चिन्ह द्यायला विसरली.

तिचं नाव थू च्या-चन. गेल्या बुधवारी ती माझ्या दाराशी आली. इतिवृत्तात माझं नाव सापडलं म्हणून पत्ता काढत आली. हातात फळांची टोपली, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं. बसायला सांगितलं तरी दहा मिनिटं उभीच होती. म्हणाली, "आजी, पडद्यावर अडीच होतं. मी दोनदा पाहिलं. पण सगळे म्हणतात तुमचं यंत्र चुकत नाही, तर मग मलाच भास झाला असेल. आता मला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबलही मी चार-चारदा वाचते. तुम्ही सांगितलंत तर मी मानीन. माझी चूक होती का?" मी तिला सांगितलं, नव्हती. ती रडली नाही. तिने विचारलं, "मग तुम्ही हे इतके दिवस कुठे होतात?" असा प्रश्न सिस्टर बेनेडिक्टांनीही मला कधी विचारला नव्हता.

मी तुला फोन केला नाही, कारण फोनवर तू गोड बोलतोस. "ताई, तुमची तब्येत जपा" म्हणशील, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून टॉनिकची पेटी देशील. तब्येतीचं आता सांगतेच. माझ्या आतड्यात गाठ आहे. गुरुवारी, २० एप्रिलला सकाळी ऑपरेशन आहे, आणि त्यानंतर तीन दिवस वेदनेचं औषध पंपानेच देणार आहेत. सहाव्या मजल्यावरचा तो वॉर्ड मी स्वतः जाऊन पाहून आले. सगळे पंप तुझेच आहेत. नर्सने कौतुकाने दाखवले. दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नको म्हणाले. तेव्हा तू तुझ्या हाताने एका कागदावर दोनपैकी एक वाक्य लिहायचंस. एक तर, "पंपात लॉक नाही, ते मी काढलं, सगळे पंप परत मागवतो." नाहीतर, "ज्वो सु-युन यांना हा पंप खुशाल लावा, हमी माझी." खाली सही आणि तुझा शिक्का. कोणतंही वाक्य आलं तरी कागद च्या-चनच्या हाती जाईल, आणि या पत्राची प्रत तिच्याकडे आधीच आहे. उत्तर रजिस्टर टपालाने बुधवार, १९ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाला तुझं मौन हे दुसरं वाक्य आहे असं मी धरीन आणि सुईसाठी हात पुढे करीन.

तुझीच,
ज्वो सु-युन