यॉर्कच्या तटावरून, सेंदाईत

सेंदाई (जपान), १२ मे

चि. प्रकाश यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, दुर्गाचा दमा आणि आपल्या व्याख्यानमालेचा ध्वनिक्षेपक हे तिघेही ठीक असतील, अशी आशा करते. (ध्वनिक्षेपकाचं मला काही नाही. माझा आवाज त्याच्याशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे सगळ्या मिरजेला माहीत आहे.) इकडे विद्या, जावई केनराव आणि नात नैना खुशाल आहेत. मी मात्र एकोणीस दिवस कुजबुजते आहे. बसमध्ये बोलायचं नाही, लिफ्टमध्ये बोलायचं नाही, आणि घरात बोलावं तर म्हणे भिंती पातळ आहेत. "आई, हळू!" एवढंच मराठी विद्येच्या तोंडी उरलं आहे. या मुलीला पहिलीत असताना टेबलावर उभी करून भाषण करायला मी शिकवलं होतं, हे तिच्या सासरी कुणाला खरंही वाटणार नाही.

आज मी खरं तर इंग्लंडात असायला हवी होते. 'यॉर्कच्या तटबंदीवरून पायी' हा व्याख्यानाचा विषय तूच माझ्याकडून फेब्रुवारीत वदवून घेतलास. चाळीस वर्षांत मी डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर एक शब्द बोललेली नाही, म्हणून तिकडे जाणं भागच होतं. ग्रंथालयातून ती 'तुमचे तुम्हीच फिरा' पुस्तिका आणली, अकराच्या अकरा थांबे पाठ केले. पण व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचा उद्देश' लिहायला त्यांनी दोन बोटं जागा ठेवलेली. साम्राज्यानं दीडशे वर्षं आपल्याला राबवून घेतलं त्याचा जाब काय दोन बोटांत मावतो? मी नऊ पानांची पुरवणी जोडली. एजंट म्हणाला, "बाई, तुम्हाला फिरायला जायचंय की खटला भरायला?" पुरवणी काढल्याशिवाय तो अर्ज पुढे पाठवेना आणि मी ती काढेना. तारखा निघून गेल्या. मी वाकले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. विद्येनं तिकीट पाठवलं म्हणून मग इकडे आले.

पण व्याख्यान उरलंच. गेल्या गुरुवारी मी मनाशी ठरवलं की यॉर्क नाही तर नाही, निदान तेवढे मैल तरी चालायचे. पायऱ्या चढून धाप लागते आणि तिसऱ्या थांब्याला पोटऱ्या भरून येतात, एवढं तरी मला खरं सांगता आलं पाहिजे. इथे टेकडीवर जुना किल्ला आहे, त्याला दगडी तट आहे. पुस्तिका पर्समध्ये टाकली, छत्री घेतली आणि एकटी निघाले. (विद्या 'फोन चार्ज केलास का' म्हणून तीनदा विचारून ऑफिसला गेली होती.) पुस्तिकेत लिहिलं आहे, 'मोठ्या चर्चचे मनोरे डावीकडे ठेवून तटाच्या कडेनं चला.' माझ्या डावीकडे टीव्हीचा मनोरा होता. ठेवला.

तटाच्या उंच भिंतीखाली आले, आजूबाजूला कुणी दिसेना, आणि प्रकाश, इतक्या दिवसांचा कोंडलेला आवाज बाहेर पडला. रोमनांपासून सुरुवात केली. डोळे मिटून बोलत होते (प्रस्तावना मी डोळे मिटूनच करते). डोळे उघडले तर समोर एकसारख्या टोप्या घातलेली सतरा म्हातारी माणसं अर्धवर्तुळात उभी! फिरायला आलेला गट. त्यांचा गाइड मागे राहिलेल्या एका आजींना आणायला गेला होता, आणि संस्थेनंच बदली गाइड म्हणून मला पाठवलं असावं असं समजून ही मंडळी माझ्यापुढे आदबीनं थांबली होती. मी मराठीत बोलते आहे, हे त्यांच्या सभ्यतेच्या आड आलं नाही. दर वाक्याला सतरा माना डोलत होत्या, "हाई, हाई", म्हणजे "हो, हो." आपल्याकडे पहिल्या रांगेत अध्यक्ष झोपतात, आठवतं ना? मी थांबले नाही. कोण थांबेल? गाइड आजींना घेऊन आला, तोही झेंडी खाली धरून गुपचूप मागे उभा राहिला. इथे बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत.

पुढचा थांबा खाटकांच्या गल्लीचा. मी निघाले, मागे एकोणीस जण निघाले. गल्ली कुठून आणणार? बैलाची जीभ भाजून विकणारं दुकान दिसलं, तिथे थांबले. जिभेवर जगलेल्या बाईनं त्या जाळीकडे बघत दहा मिनिटं बोलणं सोपं नव्हतं, पण बोलले.

सातव्या थांब्याला हिरायामा-सान नावाचे एक निवृत्त इंग्रजी मास्तर पुढे आले. वाकून, इंग्रजीत, फार हळू आवाजात म्हणाले, "माफ करा, तुम्ही 'यॉर्क' म्हणालात का? तुम्ही तिथे जाऊन आलात?"

एका 'हो'चं काम होतं. तिथे मला कोण ओळखतं? पण व्याख्यानमालेच्या मंचावरही हाच प्रश्न येणार होता. मी म्हणाले, "नाही. मी यॉर्क पाहिलेलं नाही." त्यांनी ते जपानीत सगळ्यांना सांगितलं. सगळे "ओऽ" म्हणाले. माझे कान तापले.

हिरायामा-सान पुन्हा वाकले. म्हणाले, "इथला वाडाही आता नाही. तटाचे दगड तेवढे उरले. आम्ही दर मे महिन्यात नसलेला वाडा बघायला येतो. तुम्ही पुढे सांगा."

मी उरलेले चारही थांबे सांगितले, मग त्यांच्या गाइडनं त्याचा नसलेला वाडा दाखवला आणि मी मान डोलावली. इतकी चांगली सभा मला मिरजेत मिळालेली नाही, हे कुणाला सांगायचं तर खुशाल सांग. संध्याकाळी विद्येला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, पण नैनाकडून ते जपानीत ऐकल्यावर केनराव उठून उभे राहिले आणि माझ्यापुढे वाकले.

सर्वांना यथायोग्य.

तुझी,
जयमालाअक्का

ता. क. पत्रकं छापून झाली असतील. त्यात 'प्रत्यक्ष पाहून आलेल्या' असं तू माझ्या नावामागे लिहिलं असणार, मला तुझी भाषा माहीत आहे. ते शब्द खोड. पाचशेच्या पाचशे पत्रकांवर, हातानं. दुर्गाला मदतीला घे.

ता. क. २. खरं काम वेगळंच आहे. येत्या महिन्यात त्या मंडळींना त्याच टेकडीवर आपला मिरजेचा किल्ला दाखवायचं मी कबूल केलं आहे. तेव्हा गुडघ्याला पट्टा बांध आणि किल्ल्याभोवती पायी फिर. दरवाजा कुठे, खंदक कुठे, कुठून किती पावलं, सगळं लिहून पाठव. या किल्ल्याविषयी मी आजवर छत्तीस भाषणं केली आहेत. आत कधी गेलेली नाही. हे दुर्गाला सांगू नकोस.