पाहुण्यांचं पाणी

१९ एप्रिल २०१८, गुरुवार
अब्बांचा फोन. मेच्या सहा तारखेले धामणगावचे पाहुणे घर पाहाले येतात. पोरीचं नाव निखत. बापाचं सरकी-ढेपेचं दुकान. रमजानच्या आत हो-नाही झालं पाहिजे म्हणे. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, "तुह्या प्लांटातून बाटल्यायचं एक खोकं पाठव बेटा. पाहुण्यायले आपलं पाणी कसं द्याव?"

आमचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की डोळेच बारीक होतात. डाळ शिजत नाही, चहा फाटते. नळाले गोडं पाणी वीस दिवसांतून एकदा. धामणगावचं पाणी गोड. तिकडचे लोक खाऱ्या गावात पोरगी द्यायले तयार नसतात. म्हणून पाहुणा आला की बाटली — चहाही बाटलीच्याच पाण्याचा. सारेच करतात. लग्न झालं की पोरगी आठ-पंधरा दिवस रडते, मग गप्प होते. अम्मीही अशीच आलती.

२१ एप्रिल
खोकं पाठवलं. चाकणहून ट्रॅव्हल्सनं अकोल्याले, जठारपेठेत मामूकडे. तिथून अब्बा नेतील.

दिवसभर स्टुलावर बसून सरकणाऱ्या बाटल्या पाहतो. सील बसलं का, आत काही तरंगते का. एक, एक, एक. डोळे मिटले तरी सरकतच राहतात. सातवी शिकलेल्याले बसून काम भेटलं म्हणून गावात नाव आहे. मले मात्र सारखं वाटते, उठावं. दोन वर्षं काढायची अन् वापस जायचं, अब्बांसोबत शेती करायची — एवढंच ठरवून आलतो. तिसरं वर्ष लागलं.

२५ एप्रिल
मॅनेजरनं साऱ्यायले उभं केलं. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, आता बाटलीचंही बोलून राहिले लोक. बंदी आली तर घरी बसा म्हणे. भगवंत, अकोल्याचा, माझ्या बाजूच्या खाटेवर झोपते — तो म्हणाला, "घरी बसाले घरी पाणी तं पायजे!" सारे हसले. मीही हसलो.

२ मे
काल गावात महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा झाली. माहेनूरचा फोन — माझी लहान बहीण, बारावी झालेली, बचत गटाचं लिहिणं तिच्याकडे. आवाज बसलेला. गावात पाण्याच्या बाटल्या बंद! ठराव झाला. लग्न असो, मयत असो, साहेब असो, बाटली नाही. खाऱ्या पाण्यानं ज्यायच्या किडन्या गेल्या त्यायलेच सूट. असे सहा जण आहेत गावात.

सुरुवात नाल्यावरून झाली. लग्नसराईच्या रिकाम्या बाटल्यांनी नाला तुंबला. बायका म्हणाल्या, बंद करा. किराणावाले महादेवराव उठले — "पाव्हण्याले खार पाजता का? उद्या गावात कुत्रं येनार नाही!" सारे हसले. मग माहेनूर उभी राहिली. "काका, पाणी तपासाले साहेब येते, तुमच्या दुकानची बाटली पिते, पाणी ठीक हाय असं लिहून जाते. एकदा त्याले आपलं पिऊ द्या ना." महादेवराव म्हणाले, "साहेब पिईन तवा पिईन, पोरी. तुमच्या घरी सहा तारखेले कोण पिणार हाय, ते सांग आधी."

माहेनूरनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मग बायकांचे हात. मग माणसांचे. अब्बा तिथंच बसून होते. त्यांचा हात मांडीवरच.

मले राग यायले पाहिजे होता. आला नाही. भगवंतले सांगितलं तं म्हणे, "लेका, तुही बहीण एका हातानं तुही नोकरी अन् दुसऱ्या हातानं बायको घेऊन चालली!"

४ मे
अब्बा म्हणतात, खोकं पोत्यात घालून आणतो, चहापुरतं. माहेनूर म्हणते, आणा, मी नालीत ओतते. "तूच समजाव तिले," अब्बा म्हणाले.

लावला फोन.

"भाई, अम्मीले कोणी सांगितलं होतं का, इथं येण्याआधी?"

मी खाटेवरून उठलो.

"निखतले तरी समजू द्या. मंग ते नाही म्हणोत."

फोन कानाले धरून उभा राहिलो. तिनंच ठेवला.

संध्याकाळी अब्बायले सांगितलं, राहू द्या खोकं मामूकडेच. काहून सांगितलं, मले माहीत नाही. अब्बा म्हणाले, "तुहं लग्न हाय. तू म्हणशीन तसं."

६ मे, रविवार
पाहुणे आज. मी डबल ड्युटी घेतली. फोन आला नाही.

७ मे
अम्मीनं सांगितलं. चार जण आलते — निखतचे अब्बा, भाऊ, फुफी म्हणजे आत्या, अन् मध्यस्थ. माहेनूरनं माठातलं पाणी दिलं. अब्बांनी आधी स्वतः पिऊन दाखवलं — गटागटा, जसं काही सरबत! निखतच्या अब्बांनी एक घोट घेतला अन् ग्लास खाली ठेवला. भावानं मात्र सारा संपवला, बिचाऱ्यानं. चहा फाटला. अम्मीनं दुसऱ्यांदा ठेवला. तोही फाटला. फुफी चुलीपाशी आली, म्हणाली, "रहने दो आपा." मग बाहेर येऊन तिनं विचारलं, "आमच्या पोरीनं जन्मभर हेच प्यायचं का?"

माहेनूर ग्लास उचलून आत गेली.

अब्बा त्यायले सोडायले ऑटोपर्यंत गेले. तिथं उभे राहून बराच वेळ बोलले. काय, ते अम्मीले माहीत नाही. आल्यापासून जेवले नाहीत.

माहेनूर रडून राहिली म्हणे. म्हटलं, तिले सांग, रडू नको.

मामूनं खोकं फोडलं. पडून राहून काय करते, म्हणे.

८ मे
काही नाही. आज अठरा बाटल्या बाजूला काढल्या.

९ मे
अब्बांचा फोन. धामणगावहून होकार आला!

विचारलं, ऑटोपाशी काय बोलले तुमी?

म्हणाले, "जबान दिली, बेटा. पोरगी इथं राहणार नाही. तू बी वापस येणार नाहीस, कधीच. त्यायच्या तोंडात पाणी गेल्यावर माह्यापाशी दुसरं काय होतं द्यायले?"

मी म्हटलं, हाव, बरं.