छातीतली नळी आणि सलामाचा हात

अलेक्झांड्रिया, मंगळवार

आदरणीय नाजियाताई,

धाकट्या वजीहचा सलाम आणि तुझ्या दोन्ही गालांवर मुके (कागदावरच्या मुक्यांनी जंतू पसरत नाहीत, असं आमच्या नर्सबाईंचं मत आहे). आधी तुझे गुडघे, मग म्हशी, मग जावई, या क्रमाने दमनहूरची खुशाली कळव. माझी विचारशील तर अल्हमदुलिल्लाह. याहून जास्त खरं लिहायचं त्राण नाही.

तुला ठाऊक आहेच, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मी डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. रक्त ये-जा करतं ती नळी मानेच्या शिरेतून घालून छातीवर बाहेर काढलेली. पहिली जंतूंपायी गेली. दुसरीही बिघडली, तेव्हा इब्तिहालबाईंनी (याच त्या नर्सबाई; त्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा आवाज खाली करतात) पट्टी सोडली, तर आत सेफ्टी पिनेला अडकवलेला निळा मणी. नजर लागू नये म्हणून, असं मी म्हणालो. "नजर नाही लागली, पू झाला," त्या म्हणाल्या. मग दहा दिवस ताप, इंजेक्शनं आणि उपदेश. हा शहाणपणा कोणाचा, असं विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

ताप उतरल्यावर काल नळी बदलायची ठरली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की उजवी शीर आता दमली, डावी शेवटची. तीही बिघडली तर नळी मांडीत, आणि त्यानंतर काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणून तोंडाला मास्क, छाती तीनदा पुसलेली, वर निर्जंतुक हिरव्या चादरी आणि हुकूम : हलायचं नाही, बोलायचं नाही. मी (तेहतीस वर्षं ट्रामचा कंडक्टर, तोंडावरच पोट भरलेला माणूस) मुकाट पडलो होतो. इतक्यात शेजारच्या यंत्रावरचे हाजी शौकी दारातून डोकावले आणि खणखणीत म्हणाले, "अस्सलामु अलैकुम!" ताई, सलाम परत न करणारा गाढव, हे अब्बांनी आपल्याला कान पिळून शिकवलं. तोंड मी बंद ठेवलं गं, पण हात! चादरीखालून निघाला आणि आदबीने थेट छातीवर गेला, जिथे कोणी बोटही लावायचं नव्हतं तिथेच.

बाईंनी चादरी, हत्यारं, हातमोजे, सगळं बाजूला टाकलं. डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले. हाजी दारातच उभे : "काय मंडळी, सलामाला उत्तर द्यायची रीत बुडाली का?" आता दारावर पाटी आहे, 'आत सलाम करू नये', आणि त्यावरून वॉर्डात दोन तट पडलेत. मी कुठल्याच तटात नाही. मी थकलोय, ताई. आजारापेक्षा आजार सांभाळण्यानेच जास्त.

तुझा वजीह

ता. क. : नळी आता रविवारी. बाई म्हणतात, "तुमचा हात बांधून ठेवते, नाहीतर चादरीखाली धरून बसायला घरचं माणूस आणा." तुझी भावजय हनान गेल्यापासून घरचं माणूस म्हणजे तूच. म्हशी दोन दिवस शेजारणीकडे सोपव.

आणखी एक : मणी तू दाराला लावायला पाठवला होतास. पट्टीत मीच खोचला. भीती वाटत होती. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. तुला बोलतील, माझ्यासाठी ऐकून घे.

शेवटचं : आत आलीस की सलाम करू नकोस. नुसता हात धर.