दोन करवती आणि बाबांचं टेबल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? भाऊजींचा खोकला थांबला असेल तर आनंद आहे, आणि नसेल तर त्यांनी तो डॉक्टरांना दाखवावा, शेजाऱ्यांना ऐकवू नये. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुला काय वाटायचं ते वाटो. (फोन का नाही केला म्हणशील. कारखान्यात दादा कानाशी असतो आणि घरी आमच्या दोघांच्या खोल्यांमधली भिंत फार पातळ आहे.)

लोकांची भावाभावांत भांडणं होतात ती जमिनीवरून, घरावरून. आमचं झालं दातांवरून. करवतीच्या दातांवरून. दादाचं म्हणणं, दात मोठे हवेत, लांब लांब हवेत, दोन दातांमधल्या खाचेत भुसा मावला पाहिजे, म्हणजे करवत सपासप चालते. माझं म्हणणं, दात बारीक आणि भरपूर हवेत, म्हणजे कड गुळगुळीत येते. इथवर ठीक होतं. पण मी एक पाऊल पुढे गेलो. सगळे सुतार एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवतात. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते आणि तेवढं लाकूड फुकट भुसा होतं. मी माझ्या करवतीचे सगळे दात एका सरळ रेषेत ठेवले. केसभरही लाकूड वाया जाणार नव्हतं! हे मी एका गिऱ्हाइकाला उत्साहाने समजावत होतो, तेवढ्यात मागून दादा म्हणाला, "याची करवत लाकूड कापत नाही हो, गुदगुल्या करते." मग मीही म्हणालो की दादाने कापलेल्या फळीची कड बघून लोक घरात उंदीर शोधतात. गिऱ्हाईक शहाणं होतं. त्याने आपल्या खिडक्या दुसरीकडे करायला दिल्या.

त्या दिवसापासून अबोला. एकाच छपराखाली काम, आणि निरोप बायकांमार्फत. मी हाताच्या अंतरावर उभा असताना दादा वहिनीला सांगणार, "त्यांना म्हणावं, दात घासायची कानस जागेवर ठेवत जा." (मी "त्यांना" झालो, ताई. लहानपणी ज्याचं नाक याने पुसलं तो मी.) वहिनी ते माझ्या बायकोला सांगणार, ती मला सांगणार, आणि तोवर कानस माझ्या हातातून दादाने घेतलेलीही असायची. शेवटी दादाने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जागा बघितली. हत्यारांची वाटणी झाली, फळ्यांची झाली. राहिलं बाबांचं कामाचं टेबल. ते मला दे असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघेना, आणि तू घे असं तर मुळीच निघेना. तेव्हा ते मधोमध कापायचं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नकोस. निरोप इतक्या तोंडांतून फिरला होता की आता तो कुणाचाच राहिलेला नाही.

दादा त्या बाजूने, मी या बाजूने, समोरासमोर. प्रत्येकाच्या हातात आपापलं तत्त्वज्ञान. वहिनी आणि तुझी धाकटी भावजय दारात उभ्या, चेहऱ्यावर दवाखान्याबाहेर बसलेल्यांसारखा भाव. दादाची करवत पहिल्याच झटक्यात आत घुसली आणि टेबलाचे लचके तोडत निघाली. माझी सुंदर चालली होती. बोटभर. मग बारीक दातांत भुसा गच्च बसला, आणि चीर पात्याइतकीच असल्यामुळे पातं असं अडकलं की मी ओढलं तर टेबल माझ्याबरोबर येऊ लागलं. दादा समोर हसला. (अबोल्यात हसणं चालतं का, हे तूच सांग.) त्याने जोर वाढवला, आणि मध्याजवळ पोचता पोचता टेबल कुरकुरत खाली वाकलं. चीर वरून मिटली. दादाचीही करवत जागच्या जागी गच्च!

बराच वेळ आम्ही आपापली मूठ धरून उभे होतो. सोडणार कोण? मग वहिनी म्हणाली, "आता दोघं खाली शिरा आणि पाठीने उचला. करवती आम्ही ओढतो." तिचा आवाज असा होता की आम्ही शिरलो. आम्ही दोघं पन्नाशीचे, चार पायांवर, पाठ टेबलाला लावून, नाकासमोर नाक. इतक्या जवळून दादाला मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्यात त्याच्या.

"दात वाकवले का नाहीस?" तो म्हणाला. निरोप नव्हे, थेट मला.

"लाकूड वाचवायला."

"वाचलं का?"

"आणि तुझे दात? लाकूड उभ्या रेषेत चिरायचे ते, छिन्नीसारखे. आडव्या कापाला कुणी लावतं?"

"हातात तीच आली," दादा म्हणाला. "डोकं कुठे ठिकाणावर होतं?"

वर टेबल हलायला लागलं. वहिनी ओरडली, "हलू नका!" आम्ही हलत नव्हतो, हसत होतो. निदान मी हसत होतो. दादाचे डोळे पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, एवढंच सांगतो.

त्यानंतर आम्ही मिळून एक करवत केली. टोकाकडे बारीक दात, म्हणजे सुरुवात हळुवार होते. मुठीकडे मोठे होत जाणारे, म्हणजे भुसा बाहेर पडतो. सगळे टोकदार, आणि हो, आलटून पालटून वाकवलेले. उत्तम चालते. टेबल कापायचा विषय पुन्हा निघाला नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. अर्धवट कापलेलं टेबल वाकू नये म्हणून खाली टेकू लागणार होता. त्याचा ओंडका कोणत्या दातांनी कापावा यावर आमची चर्चा रंगली असताना या दोघींनी झाडाच्या फांद्या छाटायच्या बाजारी करवतीने तो कापून लावूनही टाकला. हे सगळीकडे सांगू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम हे. दादा अजून त्या नव्या जागेची किल्ली खिशात घेऊन फिरतो. जाऊ नको असं मी म्हटलं तर तो माझा कमीपणा, राहतो असं तो म्हणाला तर त्याचा. तू थोरली आहेस. त्याला एक खरमरीत पत्र लिही, की जागा सोड. मी सांगितलं हे मात्र लिहू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट टपालात टाकायला दादाच निघालाय, आणि ते उघडंच दे, मीच चिकटवतो म्हणत हात पुढे करून उभा आहे. कडेला त्याच्या अक्षरात काही आढळलं तर विश्वास ठेवू नकोस.

(समासात, जाड पेन्सिलीने:) ताई, वाचलं. खरमरीतच लिही. लवकर लिही.