दोन हात कमी

बाबा, आज माझं स्वयंपाकघर मोजायला ठेकेदार आला होता, आणि तो गेल्या गेल्या मी हे पत्र लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता नीट आठवत नाही. पण आज दुपारी तो ऐकला. कुठून ऐकला ते सांगते, पण आधी दिग्रसचं घर सांगायला हवं, कारण त्या घराबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललोच नाही.

मी सहावीत होते. आईचा खोकला वाढला होता आणि डॉक्टरांनी चुलीच्या धुराचं नाव घेतलं होतं. तुम्ही मनावर घेतलंत. छप्पर उंच करायचं, धूर जायला मोठी खिडकी काढायची आणि उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा बांधायचा, असं ठरवलंत. तुमच्या शाळेच्या दोन खोल्या ज्यांनी बांधल्या, त्याच मिस्त्रींना बोलावलंत. ते नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते, त्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्यांच्या वस्तीतल्या सभेत तुम्ही भाषण केलं होतंत, तिथे बसून चहा प्यायला होतात. त्यावरून गावात कुजबूज झाली तेव्हा तुम्ही छाती पुढे काढून बाजारातून चाललात. मी तुमचं बोट धरून होते आणि माझीही छाती पुढे होती.

मिस्त्री आले, ओसरीवर खुर्चीत बसले. मग अंगणात चुन्याच्या फक्कीनं नवं स्वयंपाकघर आखलं. इथे ओटा, इथे खिडकी, इथे भांड्यांची फळी. "वहिनी, चालून पाहा बरं आतून. हात कुठवर पोहोचते ते सांगा, मंग मी ओटा ठरवतो," असं म्हणाले. आई आधी लाजली. मग पदर खोचून त्या पांढऱ्या रेघांच्या आत उभी राहिली आणि हवेतल्या हवेत पोळी लाटायला लागली. खिडकी जरा डावीकडे घ्या म्हणाली. मिस्त्रींनी पायानं फक्की पुसली आणि रेघ डावीकडे घेतली. आईला काय हवं ते कुणी विचारतंय आणि लगेच करतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आखणी झाली अंदाजानं. खरं माप आत जाऊनच घ्यायला हवं होतं, कारण स्वयंपाकघराच्या एका अंगाला शेजाऱ्याची भिंत आणि दुसऱ्या अंगाला कोठीची खोली. मिस्त्री उठून आत यायला निघाले. तुम्ही अगदी सहज म्हणालात, "थांबा, आतलं माप आमची पोर देते." त्यांनी एक क्षण तुमच्याकडे पाहिलं. मग सुतळीचा गुंडा माझ्या हातात ठेवला. "एक टोक भिंतीले लाव बाई, ताणून धर, अन् समोरच्या भिंतीपाशी गाठ मार."

मी आत गेले. समोरच्या भिंतीशी देवघर, त्याच्यापुढे वीतभर उंचीची पायरी. आंघोळ करून धुतलेलं नेसल्याशिवाय त्या पायरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही, हे मला चालता यायला लागल्यापासून ठाऊक होतं. माझ्या अंगावर शाळेचा फ्रॉक होता. मी पायरीपाशी थांबले आणि तिथेच गाठ मारली. भिंत अजून दोन हात लांब होती. मला ते दिसत होतं. पण पायरीच्या पुढे घर असतं, तेही मोजायचं असतं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेर येऊन सुतळी दिली आणि तुम्ही मला शाबासकी दिलीत.

त्या मापानं सागवानी तुळया कापून पांढरकवड्याहून ट्रकनं आल्या. छपराचे कवेलू उतरवले. मिस्त्री भिंतीवर चढले. वरून चालत होतं, बाबा, त्याला तुमची ना नव्हती. पहिली तुळई वर घेतली, एक टोक टेकवलं, दुसरं टोक नुसतंच अधांतरी राहिलं. मी खाली आईपाशी उभी आहे आणि मिस्त्री वरून, उघड्या छपरातून, आमचं देवघर पाहताहेत. पायरी पाहताहेत. मग माझ्याकडे पाहताहेत. त्यांना सगळं कळलं होतं.

"मिस्त्री, माप चुकलं तुमचं," तुम्ही म्हणालात.

"मी मोजलंच कुठं, गुरुजी? मले आत कोनं येऊ देल्लं?" ते खाली उतरले. "पोरीची चूक नाही. तिचा हात जिथवर जाते तिथवर तिनं मोजलं. आता मी सोता मोजतो. दोन मिनिटाचं काम हाय."

तुम्ही दारात आडवे आलात. मला वाटलं तुम्ही बाजूला व्हाल. मला खरंच तसं वाटलं होतं. पण तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "माझ्या आईला चालणार नाही हो."

आणि माझी आई, जी तुमच्यापुढे कधी मान वर करून बोलली नाही, ती मागून स्पष्ट म्हणाली, "सासूबाई तर पुसदला आहेत. महिना झाला."

आजी घरात नव्हती. घरात फक्त तुम्ही होतात. तुम्ही बाजूला झाला नाहीत. मी तुमच्याकडे बघतच राहिले. सभेत चहा पिणारे ते कोण आणि हे दारातले कोण, मला काही कळेना. मिस्त्रींनी सुतळी गुंडाळली. "गुरुजी, तुमी आमच्याकडं आलते तवा मी दारात उभा नव्हतो राह्यलो," एवढंच म्हणाले आणि गेले.

पुन्हा कुणी मिस्त्री आला नाही. कवेलू परत चढले, खिडकी झाली नाही. आई त्याच धुरात शेवटपर्यंत खोकत राहिली. तुळया शाळेच्या बाकांना गेल्या. आणि तुम्ही लोकांना सांगत राहिलात की मिस्त्रींना साधं माप घेता येत नाही. शाळेच्या तिसऱ्या खोलीचं काम दुसऱ्याला मिळालं. मी ते ऐकत होते. गाठ कुठे मारली हे मला माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. तुमच्यावर मात्र जन्मभर रागावून राहिले. ते सोपं होतं.

आज हा ठेकेदार आला. चाळिशीचा असेल, बोलायला गोड. चपला दाराबाहेर काढून, "काकू, आतली मापं घेतो," म्हणत स्वयंपाकघराकडे वळला. आणि मी उठून दारात आडवी आले. "थांबा, आतलं माप मी देते." तोंड माझं होतं, आवाज तुमचा होता. पोरांना तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं मी, बाबा.

तो थबकला, मग म्हणाला, "राहू द्या काकू, आत यायची गरजच नाही." अशा गोष्टींची सवय असल्यासारखं म्हणाला, आणि तेच मला जास्त लागलं. खिशातून माप घ्यायचं बोटभर यंत्र काढून त्यानं उंबऱ्याबाहेरूनच बटण दाबलं. लाल ठिपका माझ्या देवघराच्या मागच्या भिंतीवर जाऊन बसला. त्यानं आकडा लिहून घेतला आणि चहा न घेता गेला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? लिहून झालं की कपाटात ठेवीन. तुम्हाला दोष द्यायलाच बसले होते, पण एक गोष्ट राहिली. तो आल्यावर मी त्याला नाव विचारलंच नाही. फक्त आडनाव विचारलं होतं.