चौथ्या प्रश्नातलं सातवं वाक्य

सेर्पुखोव,
ता. १६ मार्च १९७९

चि. गेनास,
झिनाचे आशीर्वाद. हे रीतीप्रमाणे लिहिलेत, मनात दुसरंच आहे. तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस.

इकडे स्तेपानची कंबर धरली आहे, गिरणीत माझी पाळी बदलली आहे आणि तुझी भाची दोन दिवस धड जेवलेली नाही. हे तिसरं तुझ्यामुळे.

गेल्या रविवारी ताया तुमच्या त्या भाषांच्या कोड्यांच्या परीक्षेची दुसरी फेरी देऊन आली, तेव्हा खुशीत होती. परक्या भाषेतली वाक्यं समोर टाकायची, थोडे अर्थ द्यायचे, बाकीचं पोरांनी नुसत्या डोक्यानं उकलायचं, हे तिला लहानपणी तूच शिकवलंस. परवा निकाल पाहायला गेली तर यादीत तिचा आकडाच नाही. जिन्यावर मामा भेटला. मामानं सांगितलं की तुझा पेपर बाजूला ठेवलाय, चौथ्या प्रश्नातली भाषा तुला आधीच येत असावी असा संशय आहे. संशय कुणाला आला, ते मात्र मामानं गिळलं. पेपरावर नाव नसतं रे, आकडा असतो. आकड्यामागचं नाव उघडल्यावर हिची आजी वेप्स जमातीची होती हे त्या खोलीत आणखी कुणाला ठाऊक होतं? पोरीनं हे कोडं परतीच्या गाडीतच सोडवलं.

आणि ते चौथ्या प्रश्नाचं पान मी पाहिलं. पाच वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस टेपरेकॉर्डर मांडून आईला बोलतं केलंस. आठवण म्हणून ठेवतो म्हणालास. ही तुझी आठवण? सातवं वाक्य भाषांतराला दिलं आहेस. तायानं सूप वाढताना मला त्याचा अर्थ सांगितला: माझी मुलगी मला बोलू देत नाही. आईचं माझ्याबद्दलचं गाऱ्हाणं तू छापून चारशे पोरांना वाटलंस, आणि ते सोडवलं कुणी, तर माझ्याच पोटच्या पोरीनं. तुझ्याबद्दल आई काहीच बोलली नव्हती का? वाक्यं निवडायला तूच बसला होतास, म्हणून विचारते.

पोरीचा निकाल सरळ कर. लोभाचं त्यानंतर बघू.

तुझी बहीण,
झिना

———

मॉस्को,
ता. २० मार्च १९७९

ती. झिनाताईस,
गेनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. त्यातला विस्तव पाकिटातून हाताला लागला.

होय, मीच सांगितले. प्रश्न माझा, भाषा माझ्या आईची, आणि चारशे मुलांत तो पूर्ण सोडवणारी एकटी मुलगी माझी भाची. हे दुसऱ्या कुणी उकरून काढले असते तर मी तिला घरी बसून उत्तरे पढवली असेच सगळे म्हणाले असते. मग ती गेली असती आणि मीही गेलो असतो. परीक्षेपूर्वी उभे राहून सांगितले जाते की यातली एखादी भाषा कुणाला येत असेल तर हात वर करा, त्याला दुसरा प्रश्न मिळेल. तायाने हात वर केला नाही.

आमच्याकडे नुसत्या उत्तराला गुण नाहीत, कसे काढले ते लिहावे लागते. तिने चार पाने लिहिली आहेत. इतके स्वच्छ काम मी दहा वर्षांत पाहिलेले नाही. पण दोघे परीक्षक म्हणतात की ज्याला भाषा येते त्याला कारणे मागाहूनही रचता येतात. समितीच्या प्रमुख अदा ल्वोव्ना यांनी मार्ग काढला आहे. मुलीला ही भाषा येत नाही, घरात तिच्या कानावर ती पडत नव्हती, असे आईने सहीनिशी लिहून द्यावे. ५ एप्रिलला बैठक आहे. पत्र आले तर पहिला क्रमांक तिचा, आणि पहिल्या तिघांना उन्हाळ्यात विद्यापीठाच्या मंडळींबरोबर गावोगावच्या भाषा टिपायला फिरतीवर नेतात. गिरणीच्या गावातल्या मुलीला ते दार दुसऱ्यांदा उघडणार नाही. दोन ओळी लिही. त्या खऱ्याच आहेत, हे माझ्याहून तुला जास्त ठाऊक.

माझ्याबद्दलही एक वाक्य होते: मुलगा मला बहिरी म्हणतो. कोड्याला त्याची गरज नव्हती.

मी फीत लावली की तू पिशवी घेऊन बाजारात जात होतीस, हेही आठवून पाहा. भावजींच्या कंबरेला मोहरीचा लेप लावावा.

तुझा,
गेना

———

सेर्पुखोव,
ता. २४ मार्च १९७९

चि. गेनास,
आशीर्वाद वगैरे.

कोड्याला गरज नव्हती! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. त्या वाक्याचा अर्थ मला विचार ना. तुझ्या लग्नात आई दोन दिवस गाडीत बसून ओनेगा सरोवराकाठच्या आपल्या गावाहून आली. मांडीवर घरी भाजलेल्या कालित्क्यांची टोपली, वर ओला पंचा, त्यांच्या राय-पिठाच्या कडा वाळू नयेत म्हणून. लिलियाच्या प्रोफेसर वडिलांसमोर ती तोंड उघडेल, तिचे मोडके रशियन हेल त्यांच्या कानावर पडतील, याची तुला लाज वाटली. तू सगळ्यांना सांगितलंस की आईला ऐकू येत नाही, बोलायचे कष्ट घेऊ नका. संध्याकाळभर लोक तिच्याकडे बघून नुसते हसत होते आणि तीही हसत होती. आज तिच्याच भाषेवर तुझं नाव चालतं.

मी काय केलं ते मला ठाऊक आहे. पहिलीत आपल्या भाषेत पाणी मागितलं म्हणून बाईंनी मला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतास. माझ्या पोरीनं कोपऱ्यात उभं राहू नये म्हणून मी आईला सांगितलं की तायाशी बोलायचं तर रशियनच, नाहीतर गप्प. आई गप्प राहिली. सहा वर्षं ती फक्त वास्काशी बोलली. आज या घरात ती भाषा कुणाला येत असेल तर त्या मांजराला. दाखला हवा असेल तर त्याच्या पंजाचा ठसा पाठवते.

तुमच्या समितीसमोर सहीनिशी मी हे लिहून देणार नाही. खरं आहे म्हणूनच देणार नाही. तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस, स्वतः उभा राहा आणि सांग की माझी बहीण असली निघाली.

झिना

———

मॉस्को,
ता. २८ मार्च १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी साक्ष चालत नाही, मी मामा आहे. सही तुझीच लागते. तुझा ताठा मोठा की तुझी मुलगी, एवढेच ठरव. टपालाला दोन दिवस लागतात हे ध्यानात ठेव.

लग्नाबद्दल तू लिहिलेस ते वाचले.

गेना

———

सेर्पुखोव,
ता. ३१ मार्च १९७९

गेना,

घे. तू जिंकलास. सोबत तुमच्या समितीचा कागद आहे. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला. त्यातला मजकूर खाली उतरवते, शुद्धलेखन तपासू नकोस.

“मी, झिनाईदा येगोरोव्ना, कापूस गिरणी कामगार, लिहून देते की माझी मुलगी ताया हिला तिच्या आजीची भाषा येत नाही. आजी शेवटची सहा वर्षं आमच्या घरी, मुलीच्याच खोलीत राहत होती. मुलीला ती भाषा येऊ नये म्हणून मी स्वतः काळजी घेतली. आजी नातीशी त्या भाषेत बोलताना दिसली तर मी तिला थांबवत असे. आजी मरताना जे बोलली ते आमच्यापैकी फक्त मला कळलं आणि मी ते मुलीला सांगितलं नाही. यात काही खोटं आढळल्यास मी जबाबदार आहे.”

एवढं पुरे का? की आणखी काही पुरावा लागतो? पोरगी पहिली आली पाहिजे. ती तुमच्या मोठ्या लोकांत जाऊ दे, माझ्यापासून लांब जाऊ दे, माझी तक्रार नाही. तू मात्र या घराची पायरी चढू नकोस.

हे टपालात टाकायला तायालाच देते आहे. पाकीट चिकटवलं आहे.

झिना

———

सेर्पुखोव,
ता. १ एप्रिल १९७९

ती. मामास,
तायाचा नमस्कार.

आईचं पत्र सोबत आहे. त्यातला समितीचा सहीचा कागद मी काढून घेतला आहे. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. रागवायचं असेल तर रागवा, तुम्हीही आजीचं बोलणं तिला न विचारताच उघडलंत.

तो कागद मी पाठवणार नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं मला एक ठेवून दिली आणि मग ती नळ सोडून बराच वेळ भांडी घासत बसली. ती म्हणते मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेते आहे. असेल. पण माझ्या आजीची भाषा मला येत नाही असा दाखला दाखवून मला पहिला क्रमांक नको. त्या फिरतीवर तुम्ही लोक दुसऱ्यांच्या आज्यांना बोलतं करणार, आणि मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसणार, माझ्या आईनं दिलेला तो कागद खिशात घेऊन. मला जमणार नाही.

अदा ल्वोव्नांना सांगा की ताया वेप्स जाणते, तिनं हात वर करायला हवा होता, तिचा पेपर बाद करा. तुमच्यावर काही येणार नाही, उलट तुमचाच संशय खरा ठरेल. तुम्ही खूश व्हायला हवं.

हे खोटंही नाही. परीक्षेला बसले तेव्हा एक शब्दही येत नव्हता, ते चार पानांत लिहिलं आहे आणि त्यातलं प्रत्येक कारण माझं आहे. पण तो प्रश्न सोडवून उठले तेव्हा मला सव्वीस शब्द येत होते. मोजले आहेत. भाकरी, पाणी, मुलगी, दार, बोलणे, ऐकणे. आजी माझ्याच खोलीत खिडकीशी बसलेली असायची. सहा वर्षं पुरले असते एवढे शब्द आम्हाला.

बक्षीस म्हणून तुम्ही पुस्तकं देता. ती दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला द्या. मला त्या फिती हव्यात, तिन्ही, तुम्ही गाळलेल्या वाक्यासकट. आई म्हणते तुम्ही पायरी चढायची नाही, तेव्हा टपालानं पाठवा.

आणखी एक. तुमच्या प्रश्नातलं तिसरं वाक्य होतं, ये, दूध ठेवलंय. काल संध्याकाळी मी बशी घेऊन ते कागदावरून मोठ्यानं वाचलं. आजी गेल्यापासून वास्का कपाटाखालून कुणाच्या हाकेला बाहेर येत नाही. तो आला. आई दारात उभी होती, तिनं पाहिलं.

तेव्हा या घरात ती भाषा आता दोघांना येते, असं समितीला कळवा. आईला धरलं तर तिघांना, पण ती अजून हात वर करत नाही.

तुमची भाची,
ताया